वेस्ट विंगमधली डॉना मॉस : पीएनं साहेबाला कधी सोडावं?

रंकाळा_चौपाटी (धागाकर्ता)

'द वेस्ट विंग' (अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसातल्या, म्हणजे व्हाईट हाऊसच्या वेस्ट विंगमधल्या, लोकांवरची मालिका) बघितलेल्यांसाठी धागा काढतोय. न बघितलेल्यांनी पण या, फक्त स्पॉयलर दिला म्हणून नंतर बोंबलायचं नाही, मालिका १९९९ ला चालू होऊन २००६ ला संपलीय.

तर विषय असा की या मालिकेवर कुणाशी पण बोला, गाडी जॉश लायमनवर येते, नाहीतर प्रेस सेक्रेटरी सीजेवर, नाहीतर टोबीच्या भाषणांवर. मला वाटतं अख्ख्या सात सीझनमध्ये शून्यापासून करिअर म्हणावं असं दोघातिघांचंच आहे आणि त्यात सगळ्यात भारी जॉशची असिस्टंट डॉना मॉस. बाकीचे आले तेच मोठे होऊन. जॉश पहिल्या भागात पण डेप्युटी चीफ ऑफ स्टाफच. सीजे पुढं चीफ ऑफ स्टाफ होते हे मान्य, पण तिला राष्ट्राध्यक्षांनी स्वतः बोलावून बसवलंय.

डॉनाचं बघा. विस्कॉन्सिनला कॉलेज अर्धवट सोडलेलं, का तर मेडिकल शिकणाऱ्या बॉयफ्रेंडला हातभार लावायला. ते मोडलं तशी गाडी काढून थेट न्यू हॅम्पशायर, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या बार्टलेटच्या प्रचार कार्यालयात. कुणी बोलावलेलं नाही, मुलाखत नाही, काही नाही. जॉश आपल्या खोलीत येतो तर ही आधीच कामाला लागलेली, वर त्यालाच सांगते मी तुमची नवी असिस्टंट. तो वाद घालतो, मग गळ्यातला स्वतःचा बिल्ला काढून तिला देतो. झाली भरती.

त्यानंतर पाच-साडेपाच सीझन ती त्याच खुर्चीत. फोन, फाईली, वेळापत्रक, आणि प्रेक्षकांच्या वतीनं बावळट प्रश्न विचारणं. सरकारी तिजोरीत पैसे शिल्लक पडलेत तर त्यातला माझा वाटा मला परत का देत नाही, यावर ती जॉशशी भांडते तो सीन आठवा. भांडण मजेशीर आहे पण खरं काम आपल्याला अर्थसंकल्प समजावून सांगायचं. लेखकाला कुणीतरी विचारणारं पाहिजे होतं, ते काम हिच्या गळ्यात.

मग सहाव्या सीझनमध्ये ती सोडते, उपराष्ट्राध्यक्ष रसेलच्या प्रचारात जाते, आणि तिथून एका वर्षात प्रवक्ती. मालिकेच्या शेवटी नव्या फर्स्ट लेडीची चीफ ऑफ स्टाफ. म्हणजे सगळी वाढ खुर्ची सोडल्यानंतरची. तरी जिथं बघंल तिथं लोक म्हणतात रसेलकडं जायला नको होतं, जॉशला दगा दिला. मला हे अजिबात पटत नाही. उलट मी म्हणतो उशीर केला. तुमचं काय?

---

साधा_वाचक

वाचतोय. मी तिसऱ्या सीझनपर्यंतच पोचलोय, डोळे मिटून खाली स्क्रोल करतो.

---

उसाचा_फड

पटलं नाही भावा. सोडायची वेळ बघा की. राष्ट्राध्यक्षांना चीनच्या दौऱ्यात एमएसचा (मज्जासंस्थेचा आजार) ॲटॅक आलाय, इकडं लघुग्रह पृथ्वीवर येऊन आदळतोय का काय म्हणून ऑफिसात धावपळ, आणि ह्या बाई म्हणतात मला लंचला बसून माझ्या भविष्यावर बोलायचंय. असल्या टायमाला कुठला साहेब बसंल? आणि गाझाला कुणी पाठवली तिला? जॉशनंच. मोठं काम पाहिजे म्हणत होती म्हणून संसदेच्या शिष्टमंडळाबरोबर पाठवली. स्फोट झाला ते त्याच्या हातात होतं का? ॲडमिरल फिट्झवॉलेससारखा माणूस गेला त्यात. ही जर्मनीतल्या दवाखान्यात होती तर गडी सगळं टाकून विमानानं उशाशी जाऊन बसला. आणखी काय करायचं माणसानं?

---

शाहूपुरीची_पोरगी

@उसाचा_फड दादा, उशाशी बसला ते प्रेम झालं, त्याला प्रमोशन म्हणत नाहीत.

मी तो भाग मुद्दाम परत बघितला काल, 'इम्पॅक्ट विंटर'. ती एकदा नाही म्हणत लंच. परत परत वेळ ठरवते, स्वतःच त्याच्या वेळापत्रकात घालते कारण वेळापत्रक तीच सांभाळते, आणि तो प्रत्येक वेळी पुढं ढकलतो. आता मजा बघा, त्याला दिवसभर कुणाकुणासाठी वेळ काढून द्यायचा हे ठरवणारी बाई स्वतःसाठी अर्धा तास काढू शकत नाही. लघुग्रह एका दिवसाचा आहे हो, जॉशचं ढकलणं पहिल्या सीझनपासूनचं.

आणि ती आरडाओरडा करत नाही. सांगते की मी सोडतोय (आमच्या भाषेत), तो ऐकून पण न ऐकल्यासारखं करतो, आणि मग तिची खुर्ची रिकामी. नंतर टेंपररी असिस्टंट येत्यात त्यांच्याकडनं एक काम धड होत नाही तेव्हा ह्याला कळतंय काय गेलं ते. मी ऑफिसात नोकरी करतो, मला तो भाग बघताना घशात आवंढा आला खरं सांगतो.

---

न_पटलेला

मी दोघांच्या पण मधला. डॉना गेली हे बरोबर, पण रसेलकडं? ज्याला सगळे मिळून हलका माणूस म्हणत होते, जो उपराष्ट्राध्यक्ष झाला तोच मुळी विरोधकांशी तडजोड म्हणून, त्याच्या प्रचाराला? करिअर म्हणजे कुठल्या पण गाडीत बसायचं असं नसतंय.

---

माजी_स्वीय_सहायक

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. मी इथल्याच एका साहेबांकडं बरीच वर्षं होतो. नाव विचारू नका, पक्ष पण विचारू नका, ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप बसावं.

मालिकेतलं ऑफिस आणि आमचं ऑफिस यात जमीन-अस्मानाचा फरक, तिथं भिंतीवर पेंटिंगं आणि आमच्याकडं सत्काराच्या शालींचा ढीग, पण डॉनाचं काम मी ओळखलं लगेच. लग्नसराईत पत्रिका यायच्या त्याचं सांगतो. रोज सकाळी गठ्ठा फोडायचा आणि तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगाला साहेब स्वतः जाणार, दुसऱ्याला वहिनीसाहेब नाहीतर धाकटे मालक, तिसऱ्याला नुसतं शुभेच्छापत्र. कुठली पत्रिका कुठल्या ढिगात हे कुठं लिहिलेलं नसतंय. त्या गावात गेल्या खेपेला किती मतं पडली, सोसायटीचा चेअरमन कुठल्या गटाचा, नवऱ्या मुलाचा चुलता दूध संघाच्या ठरावात कुणाकडं होता, मागच्या वर्षी त्यांच्या घरात मयत झाली तेव्हा साहेब गेलते का नाही, हे सगळं डोक्यात लागतं. एक पत्रिका चुकीच्या ढिगात पडली की एक गाव रुसतंय. आणि हे काम बरोबर झालं तर कुणाच्या लक्षात पण येत नाही, साहेबांची माणसांची जाण दांडगी आहे म्हणून नाव साहेबांचं.

हीच गोची आहे पीएची. साहेबाला तुम्ही काय करता हे दिसतच नाही, कारण दिसलं म्हणजे काहीतरी चुकलेलं असतंय. जॉश वाईट माणूस नाही हो. त्याला खरंच माहीत नाही ती काय करते.

कॉफीचा सीन आठवत असेल बघा, अगदी पहिल्याच भागातला. ती त्याला कॉफी आणून देते तर तो घाबरतो, म्हणतो इतक्या दिवसांत कधी कॉफी आणली नाहीस, आज काय भानगड आहे ते सांग आधी. सगळे हसतात त्यावर. मला वाटलं बाईनं पहिल्या दिवसापासून एक रेघ मारून ठेवलीय की मी चहा-कॉफीवाली नाही. आम्ही ती मारली नाही कधी. गाडीचं दार उघडण्यापासून सगळं केलं, मग साहेबांनी पण आम्हाला तेवढंच धरलं.

---

रंकाळा_चौपाटी

@माजी_स्वीय_सहायक मालक, जबरदस्त. तुम्ही का सोडलं ते पण सांगा की, सांगण्यासारखं असलं तर.

---

माजी_स्वीय_सहायक

सांगण्यासारखं फार काही नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका साहेबांनी बोलावलं, ऑफिस पूर्ण बघायचं म्हणाले, मी गेलो. त्यानंतर आधीच्या बंगल्यावरच्या लोकांनी रस्त्यात ओळख दाखवायची बंद केली. फितूर म्हणून झालं. आणि पुढच्याच निवडणुकीत ते जुने साहेब स्वतः ह्या नव्या साहेबांच्या पॅनेलमध्ये! व्यासपीठावर दोघं शेजारी-शेजारी, एकाच हारात. मी खाली माईकवाल्याला पैसे देत होतो. मला बघून जुने साहेब हसले आणि म्हणाले, काय बरं चाललंय न्हवं.

---

टेंबलाईवाडीकर

😂😂 एकाच हारात!! नाद खुळा.

पण ह्याच्यावरनंच माझा मुद्दा. जॉश स्वतः कुठून आला? तो आधी हॉइन्सकडं होता राव! सिनेटर हॉइन्स, पक्षातला सगळ्यात पुढचा उमेदवार, त्याच्या प्रचारात जॉश. लिओ (पुढं बार्टलेटचा चीफ ऑफ स्टाफ) त्याला म्हणतो नॅशुआला येऊन एकदा बार्टलेटचं भाषण ऐक, हा जातो, ऐकतो, आणि हॉइन्सला सोडून इकडं. वाटेत न्यूयॉर्कला जाऊन सॅमला पण वकिली सोडायला लावतो. तो भाग लोक डोळ्यात पाणी आणून बघतात. आदर्शवाद, द्रष्टेपणा, काय काय.

मग सहाव्या सीझनमध्ये हाच जॉश काय करतो? डॉना गेल्यावर थोड्याच दिवसांत व्हाईट हाऊस सोडून राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहणाऱ्या टेक्सासच्या सँटोसकडं! बार्टलेट आजारी आहेत, लिओचं हार्ट नुकतंच बंद पडता पडता राहिलंय, तरी गेला. त्याला कोण दगाबाज म्हणतं? त्यानं केलं तर नवा नेता शोधला, तिनं केलं तर साहेबाला सोडलं. आपल्याकडं पण हेच. साहेबांनी गट बदलला तर कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर, पीएनं बदलला तर खाल्ल्या मिठाला जागला नाही.

---

उसाचा_फड

@टेंबलाईवाडीकर हे मात्र खरं आहे, हॉइन्सचं माझ्या डोक्यातनं गेलंतं. तरी पण रसेल तो रसेलच.

अवांतर : त्या प्रचारातला आयोवाचा भाग 'किंग कॉर्न' मला सगळ्यात आवडतो आणि त्याचं कारण इथल्या माणसाला सांगायला नको. इथेनॉल! तिकडं मक्याचं, आपल्याकडं उसाचं. प्रत्येक उमेदवारानं मका शेतकऱ्यांपुढं जाऊन इथेनॉलला पाठिंबा द्यायचाच असतो, मनात असो नसो. रसेल देतो, सँटोसला पटत नाही तरी जॉशच्या आग्रहानं देतो, आणि एकटा रिपब्लिकन विनिक तोंडावर सांगतो की ही सबसिडी चुकीची आहे. भरल्या सभेत. आमच्याकडं कारखान्याच्या सभेत कुणी असं बोललं तर व्यासपीठावरनं खाली यायला शिडी मिळायची नाही. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली तेव्हा इथं सगळ्या पक्षांच्या नेत्यांची भाषणं एकच झाली होती, नाव झाकलं तर कोण बोलतंय कळलं नसतं.

---

शाहूपुरीची_पोरगी

त्याच भागात हॉटेलचा पॅसेज आहे बघा. एकच दिवस तीन प्रचारांच्या बाजूनं दाखवलाय, म्हणून तोच पॅसेज परत परत येतो. जॉश आणि डॉना समोरासमोरच्या खोल्यांकडं चाललेले, दोघं एकाच धंद्यातले, दोघांच्या हातात कागद, दोघं थकलेले. वर्षापूर्वी हिनं ह्याची खोली बुक केली असती. आता हिची स्वतःची खोली आहे, तिच्या उमेदवाराचा नंबर वर आहे आणि ह्याच्या उमेदवाराला कुणी विचारत नाही. त्या सीनमध्ये बोलणं जवळजवळ काही नाही पण मला वाटतं तिचं खरं प्रमोशन तिथं झालं.

रसेलबद्दल म्हणाल तर दुसऱ्या कुणी तिला घेतलं होतं का? रसेलचा प्रचार चालवणाऱ्या विल बेलीनं घेतलं, कारण त्यानं तिचं काम बघितलं होतं आणि त्याला माणसं पाहिजे होती. जो दार उघडतो तिथं माणूस जातो. उमेदवार निवडायची चैन जॉशला परवडते, त्याच्या नावावर निवडणूक जिंकल्याचा शिक्का आहे.

---

न_पटलेला

चैनीचा मुद्दा घेतला. पण मग त्याची किंमत पण तिनं मोजली की. सँटोसला उमेदवारी मिळाल्यावर ती जॉशकडं काम मागायला जाते तेव्हा तो तिनंच सँटोसविरुद्ध दिलेली वक्तव्यं तिच्यापुढं ठेवतो. प्रवक्ती म्हणून बोललेलं सगळं छापलेलं. म्हणतो हे असताना तुला कशी घेऊ. तो सीन क्रूर आहे पण राजकीयदृष्ट्या तो बरोबरच होता. नंतर सँटोसच्या प्रचारातल्या लू थॉर्नटननं घेतलं तिला, जॉशनं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, तिला दोन्ही वेळा नोकरी तिसऱ्याच माणसानं दिली.

---

रंकाळा_चौपाटी

वा, हे माझ्या नजरेत आलं नव्हतं. विल आणि लू. ज्यांनी तिला असिस्टंट म्हणून कधी वापरली नाही त्यांनाच ती दिसली.

आणि ती वक्तव्यं छापलेली होती याचा दुसरा अर्थ पण बघा. पाच वर्षं तिचं नाव कुठं नव्हतं. तिसऱ्या सीझनमध्ये संसदेच्या चौकशीत तिला शपथेवर विचारतात डायरी लिहिता का, ती नाही म्हणते, आणि डायरी असते. मग जॉश ती डायरी त्या रिपब्लिकन वकिलाला बाकावर बसून वाचायला देतो, प्रकरण मिटतं. म्हणजे तेव्हा तिचे शब्द लपवायचे होते. आणि दोन-तीन वर्षांनी तेच शब्द पेपरात तिच्या नावावर. विरोधात वापरता येतील इतके मोलाचे झाले ही पण एक बढतीच म्हणा.

---

माजी_स्वीय_सहायक

डायरीचं निघालं म्हणून. पीएनं साहेबाची डायरी लिहायची, स्वतःची कधी लिहायची नाही, हे मला पहिल्या आठवड्यात एका जुन्या माणसानं सांगितलेलं. मालिकेच्या लेखकाला कुणीतरी आतलं भेटलं असणार.

अजून एक फरक. तिकडं व्हाईट हाऊसला दरवर्षी कर्मचाऱ्यांची नावं, पद आणि पगार संसदेला कळवावे लागतात, १९९५ पासून. म्हणजे खरी डॉना असती तर ती असिस्टंट असताना पण त्या यादीत नावानिशी असती. आमच्याकडं मंत्र्याच्या ऑफिसात खाजगी सचिव, ओएसडी, स्वीय सहायक अशी उतरंड आहे, त्यांचे आदेश निघतात. पण त्याच्या खाली बंगल्यावर जी पोरं राबतात त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. पगार कधी संस्थेतनं, कधी कारखान्यावर कारकून म्हणून, कधी साहेबांच्या खिशातनं. सोडताना अनुभवाचा दाखला कोण देणार? मी मागितला नाही, देणार नव्हतेच.

---

साधा_वाचक

मिटलेले डोळे उघडले आणि सगळं वाचलं. गेला माझा चौथा-पाचवा सीझन. एकच विचारतो, चार्लीचं काय? तो पण सहायकच ना.

---

टेंबलाईवाडीकर

@साधा_वाचक चार्ली चांगलं उदाहरण आहे. तो तर निरोप्याच्या कामाला अर्ज करायला आलेला, राष्ट्राध्यक्षांचा खाजगी सहायक झाला. पण त्याला वर ढकलणारा खुद्द बार्टलेट. डिग्री झाली की इथनं निघायचं असं त्याच्याकडनं वचन घेतलेलं, आणि डिग्री झाल्यावर म्हातारा ते पाळायला लावतो. पोरगं जायला तयार नाही आणि साहेब जा म्हणतोय, असा साहेब मी तरी बघितला नाही. शेवटी जाताना वडिलांकडनं मिळालेली राज्यघटनेची प्रत त्याला देतो.

आणि दुसऱ्या टोकाला मार्गारेट. लिओची असिस्टंट, लिओ गेला सीजे आली, ही त्याच दारात त्याच टेबलाला. सात सीझन. तिच्यावर धागा कोण काढत नाही बघा.

---

शाहूपुरीची_पोरगी

मार्गारेटवर मी काढतो. पण तिला तिथंच राहायचं असेल तर? सगळ्यांनी वरच चढलं पाहिजे असं थोडंच आहे. डॉनाला चढायचं होतं आणि चढू देत नव्हते, हा विषय वेगळा.

---

न_पटलेला

आता शेवटच्या पदावर बोलूया का? फर्स्ट लेडीची चीफ ऑफ स्टाफ. मला ते सांत्वनपर बक्षीस वाटलं होतं. सँटोस निवडून आला, जॉश झाला राष्ट्राध्यक्षांचा चीफ ऑफ स्टाफ, हिला ईस्ट विंग, म्हणजे फर्स्ट लेडीचं ऑफिस. फुलांची सजावट आणि शाळांचे कार्यक्रम. (ती खरी ईस्ट विंग तर ऑक्टोबर २०२५ ला पाडली पण.)

---

माजी_स्वीय_सहायक

ज्यानं वहिनीसाहेबांचं ऑफिस बघितलं नाही तोच असं म्हणेल. महिला बचत गट, भिशी मंडळं, हळदीकुंकू, शिवणयंत्रं वाटप, ते सगळं तिथनं चालतं. साहेबांकडं माणसं काम घेऊन येतात, वहिनींकडं बायका घरातलं सांगायला येतात. निवडणुकीच्या महिन्यात कुठल्या ऑफिसात जास्त गर्दी असते ते जाऊन बघा.

---

रंकाळा_चौपाटी

आणि @न_पटलेला, आणखी एक गोष्ट. तोपर्यंत दोघं एकत्र आलेले आहेत. जॉश चीफ ऑफ स्टाफ म्हटल्यावर वेस्ट विंगमधलं जवळपास प्रत्येक पद त्याच्या हाताखाली येतं. तिथं कुठं पण बसली असती तर परत त्याचीच असिस्टंट, फक्त पगार जास्त. इमारतीत एकच मोठी खुर्ची अशी होती जिचा साहेब जॉश नाही, आणि ती द्यायची का नाही हे नवी फर्स्ट लेडी हेलन सँटोस ठरवणार होती, जॉश नाही. तिनं स्वतः विचारलं डॉनाला. हिशोब केला तर तिसऱ्यांदा पण नोकरी जॉशकडनं नाहीच.

---

न_पटलेला

हं. हा मुद्दा तगडा आहे. सांत्वनपर शब्द मागं घेत नाही पण शेवटचे चार भाग परत बघून येतो, मग बोलू.

---

उसाचा_फड

बघा बघा. आणि येताना कुणीतरी रसेलवर पण दोन चांगले शब्द आणा, इतका पण वाईट नव्हता तो, इथेनॉलला पाठिंबा दिलाय त्यानं.